उसना कन्व्हर्टर

माझी गाडी धूर तपासणीत नापास झाली तेव्हा मी आधी मशीनवर चिडले, मग मशीन चालवणाऱ्यावर, मग दिरावर, मग नवऱ्यावर. या रांगेत माझा स्वतःचा नंबर फार उशिरा लागला, आणि तोही एका परक्या माणसाने लावला म्हणून.

मी गाडी चालवायला शिकवते. अठरा वर्षं झाली. एकच गाडी, तिच्या टपावर पाटी, शेजारच्या सीटसमोर माझा जादा ब्रेक आणि दिवसाला सहा विद्यार्थी. विद्यार्थी म्हणजे कॉलेजातली पोरं नव्हेत, ती मित्रांकडून फुकट शिकतात. माझ्याकडे येतात ते पन्नाशीचे लोक, ज्यांना घरच्यांनी शिकवायला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरात बोलणं बंद झालं. त्यांच्याशी मी शांतपणे बोलते. माझा सगळा शांतपणा तिथेच संपतो, घरी आणायला काही उरत नाही, असं आमचे हे म्हणतात.

शिकवणीच्या गाडीला वेगळा परवाना लागतो, आणि तो चालू ठेवायला दरवर्षी धूर तपासून घ्यावा लागतो. यंदा नियम कडक झाले. तीस दिवसांत तीन संधी. तिन्ही वेळा नापास झालात तर परवाना बाद, आणि बाद झालेला परवाना पुन्हा मिळतो तो फक्त पाच वर्षांच्या आतल्या गाडीला. माझी गाडी अकरा वर्षांची. नवी गाडी घ्यायची ऐपत असती तर उन्हातान्हात लोकांचा हाफ क्लच सांभाळत बसले असते का मी? तेव्हा सरळ हिशेब होता. परवाना गेला की काम गेलं. एक्कावन्नाव्या वर्षी मला दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करायचंही नाही.

तपासणी केंद्रातला माणूस सायलेन्सरमध्ये लांब नळी खुपसतो, म्हणून मी त्याला नळीवाला म्हणते. अर्थात मनात. त्याने नळी खुपसली, पडद्यावरचे आकडे बघितले, नळी काढली, पुसली, जागेवर अडकवली, हात पुसले आणि मग एकदाचं तोंड उघडलं.

"नापास."

"म्हणजे?"

"म्हणजे पास नाही."

"ते कळलं हो. का?"

"कार्बन मोनॉक्साइड. मर्यादेच्या तिप्पट."

"मागच्या वर्षी हीच गाडी पास झाली होती."

"मागच्या वर्षी मर्यादा वेगळी होती," तो म्हणाला आणि छापलेला कागद माझ्या हातात दिला. त्यावर वर लिहिलं होतं, संधी पहिली. शाळेत असतानासुद्धा माझ्या प्रगतिपुस्तकावर कुणी इतकं ठळक काही लिहिलं नव्हतं.

गाडी घेऊन मी थेट भावजींच्या गॅरेजमध्ये गेले. भावजी म्हणजे माझा धाकटा दीर. हात चांगला आहे त्याचा, पण घाई फार. जेवतानासुद्धा असा जेवतो की बाहेर कुणीतरी इंजिन चालू ठेवून थांबलंय. त्याने गाडी रॅम्पवर चढवली, खाली गेला, पान्याने कुठेतरी दोनदा ठोकलं आणि खालूनच ओरडला, "वहिनी, कॅट गेली!"

"कुठली मांजर?"

"मांजर नाही हो, कॅटलिटिक कन्व्हर्टर."

मग त्याने मला तो डबा दाखवला. इंजिनमधून निघालेला धूर सायलेन्सरकडे जातो, त्या वाटेवर पाइपात बसवलेला पोटफुगा पोलादी डबा. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, तिच्यावर महागड्या धातूंचा मुलामा. विषारी धूर तिथून जाताना निवळतो. जाळी मेली की गाडी चालते, पण धूर जसाच्या तसा बाहेर. अकरा वर्षं मी ज्या गाडीत बसते आहे तिच्या पोटात सोन्याच्या मोलाचं काही आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"नवा केवढ्याला?"

भावजीने कंपनीच्या शोरूमला फोन लावला. पलीकडून आकडा आला. भावजीने पुन्हा विचारलं. पुन्हा तोच आकडा आला. "वहिनी," तो फोनवर हात ठेवून म्हणाला, "एवढ्यात तर हीच गाडी विकून अशीच दुसरी घेता येईल, आणि वर टायर येतील."

घरी आल्यावर आमच्या यांनी नवे नियम वाचायला घेतले. हे फरशांच्या दुकानात हिशेबनीस आहेत आणि छापील मजकुरावर यांचा फार जीव. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा हे शेवटपर्यंत वाचतात. जेवायची ताटं मांडून झाली तरी यांचं वाचन चालूच.

"हे बघ. कन्व्हर्टर काढून नुसता पाइप जोडला तर दंड. रिकामा डबा बसवला तर दंड. डब्यावर मंजुरीचा क्रमांक हवा आणि तो गाडीच्या मॉडेलशी जुळायला हवा. आणि हे महत्त्वाचं. दुसऱ्या गाडीचा वापरलेला डबा बसवायला मनाई."

"मग करायचं काय, ते लिहिलंय का कुठे?"

यांनी पान उलटलं, परत उलटलं. "ते नाही लिहिलेलं."

"मग मिटा ते आणि जेवा."

दुसऱ्या दिवशी भावजीच उड्या मारत आला. त्याला रात्री सुचलं होतं म्हणे. आमच्या ताईंकडे, म्हणजे या दोघा भावांच्या थोरल्या बहिणीकडे, अगदी हीच गाडी आहे. तेच मॉडेल, तेच वर्ष. मी घेतली तेव्हा गाडी चांगली निघाली म्हणून ताईंनी चार महिन्यांत तशीच घेतली होती. ताईंची गाडी घरातून कामावर आणि कामावरून घरी, एवढीच धावते. तिचा डबा नव्यासारखा असणार.

"दोन दिवस काढून आपल्या गाडीला लावू. पास झालो की परत. क्रमांक जुळणारच, मॉडेल एकच."

"मनाई आहे," हे म्हणाले.

"दादा, ती परक्यांना. हे घरातल्या घरात आहे."

यांनी पुन्हा नियम उघडले. मला वाटतं, घरातल्या घरात असं कुठे लिहिलंय का ते शोधत होते. मी मात्र भावजीसाठी चहा टाकला. लोकांना मी रोज सांगते, सिग्नलला पट्टीच्या आत थांबा, कुणी बघत नसलं तरी थांबा. आणि इथे मी स्वतः पट्टीच्या दोन हात पुढे जाऊन उभी होते. पण परवान्याचा कागद डोळ्यांसमोर आला की मला दुसरं काही दिसत नव्हतं.

ताईंना विचारायचं काम माझ्यावर आलं. ताई कवळ्या बनवतात. बाजारामागच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची लॅब आहे. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, ताई त्यावरून दात बसवून देतात. तीस वर्षं लोकांच्या जबड्यांत गेल्यामुळे असेल, पण त्या बोलतात तेव्हा समोरच्याचं तोंड आपोआप बंद होतं. मला त्यांची भीती वाटते असं नाही, पण त्यांच्याकडे जायच्या आधी मी केस नीट करते.

"दोन दिवस म्हणजे दोनच ना?" त्यांनी विचारलं.

"दोनच."

"गाडीला काही होणार नाही ना?"

"ताई, नुसता डबा काढायचा आणि परत बसवायचा."

"ने मग. तुझं काम थांबायला नको," त्या म्हणाल्या आणि किल्ली काढून दिली. इतकं सरळ झालं की मलाच चुकल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांचे नऊ दिवस झाले. तपासणीची तारीख कॉम्प्युटर देतो, माणूस देत नाही. आधी मंगळवार मिळाला, मग संदेश आला की केंद्र दुरुस्तीसाठी बंद, मग मिळाला तो पुढचा बुधवार. ताईंची गाडी भावजीच्या गॅरेजात आणि ताई बसने. रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन यायचा. "झालं का?" एवढंच. मी सांगायचे, "होतंय, ताई." एकदा म्हणाल्या, "आज बसमध्ये एका माणसाने छत्री माझ्या बुटात वाळवली."

या नऊ दिवसांत माझी शिकवणी चालूच होती. विद्यार्थ्यांना काय सांगणार, डबा उसना आहे म्हणून क्लच नंतर शिका? आणि आता मला माझ्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं, जिचा मला अठरा वर्षं अभिमान होता.

शिकाऊ माणूस गाडी बंद पाडतो. वळणावर, चढावर, चौकात, दिवसातून पन्नास वेळा. पन्नास वेळा स्टार्टर मारला की बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते. मग माझे विद्यार्थी खाली उतरतात, मी चाकाशी बसते, ते मागून धक्का मारतात, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडते, गाडी चालू. माझ्याकडे शिकलेला माणूस कुठेही अडकून पडत नाही, असं मी अभिमानाने सांगायचे. नवी बॅटरी हवी असं भावजी म्हणायचा, पण धक्क्यावर भागत असताना बॅटरी कशाला? एक निवृत्त ग्रंथपाल बाई माझ्याकडे शिकत होत्या. त्यांना गाडी मागे घेता यायची नाही, पण धक्का असा मारायच्या की बघणारे थांबायचे.

बुधवारी रांगेत सोळा गाड्या होत्या. दीड तास इंजिन बंद, पंखा चालू, गाणी चालू. माझा नंबर आला आणि गाडी चालू होईना. मागच्या दोघा ड्रायव्हरांनी धक्का दिला. गाडी थरथरत नळीवाल्यासमोर गेली. तो खाली वाकला, टॉर्चने डब्यावरचा क्रमांक वाचला आणि मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने नळी खुपसली.

"नापास."

"अहो, क्रमांक बघितलात ना तुम्ही!"

"क्रमांक बरोबर आहे. डबा काम करत नाहीये."

"चांगला डबा आहे तो! रोज घर आणि कामाची जागा, एवढंच चाललाय!"

तो माझ्याकडे बघत राहिला. जे मी बोलायला नको होतं ते बोलून गेले होते. मग म्हणाला, "मी क्रमांक बघतो आणि आकडा बघतो. बाकी काही ऐकत नाही." आणि संधी दुसरी असं लिहिलेला कागद दिला.

भावजीने डबा काढून ताईंच्या गाडीला परत लावला आणि गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी केली. त्याचं ठाम मत होतं की नळीवाल्याचं मशीनच खोटं आहे. हे म्हणाले की मशीनविरुद्ध तक्रार करता येते, त्याचा अर्ज आहे, तीन प्रतींत, उत्तर साठ दिवसांत. माझ्याकडे एकोणीस दिवस होते. त्या रात्री मी ताटाला हात लावला नाही आणि दोघांपैकी एकालाही ते कळलं नाही.

दोन दिवसांनी ताईंचा फोन आला. "अगं, गाडी चढावर दमते. आधी असं नव्हतं."

"पेट्रोल खराब असेल, ताई," मी म्हटलं. "पंप बदलून बघा."

असं का म्हटलं मी? मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं काय झालंय ते. पण आपल्याकडून काही झालं असेल ही शंका मनात होती, आणि मी तिच्यावर झाकण ठेवून दिलं. विद्यार्थ्याने गाडी घासली की तोही आधी खांबालाच दोष देतो.

शेवटी शोध लागला तो भावजीच्या एका गिऱ्हाइकामुळे. शहराबाहेर कारखान्यांच्या गल्लीत एक माणूस स्वतः कन्व्हर्टर बनवतो, मंजुरीचा क्रमांक असलेले, आणि कंपनीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शात देतो. जुना डबा दिला की आतल्या धातूंचे पैसे आणखी वजा. हे इतके दिवस कुणालाच कसं माहीत नव्हतं, असं मी विचारलं तर भावजी म्हणाला, "वहिनी, मी फार चौकशी केली होती." चौकशी म्हणजे शोरूमला केलेला तो एक फोन. माझ्या डोक्याची शीर ताडताड उडायला लागली.

कारखानदार साठीचा, कानांवर आवाज अडवणारे मफ लावलेला. त्याने आमचा जुना डबा हातात घेतला, हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. त्याने डबा शिकंज्यात धरला, कटरने मधोमध उभा कापला आणि मग कान मोकळे केले. आत पोळं नव्हतंच. वितळून गोठलेला काळा गोळा होता, आणि चार तुकडे सुटे.

"नवा देतो," तो म्हणाला. "पण हा का मेला, ते आधी सांगा."

"जुना झाला होता," भावजी म्हणाला.

"जुना झाला की जाळी दमते. वितळत नाही. ही आतून पेटली आहे. कच्चं पेट्रोल आलंय हिच्यावर, पुन्हा पुन्हा." त्याने आमच्याकडे बघितलं. "गाडी धक्का मारून चालू करता का?"

भावजीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छताला पत्रे होते.

"कधी तरी," मी म्हटलं.

"कधी तरी म्हणजे?"

"दिवसातून चार-पाच वेळा."

कारखानदार स्टुलावर बसला. मग शिव्या न देता त्याने मला समजावलं, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. धक्क्यावर गाडी चालू होते तेव्हा इंजिन पेट घ्यायच्या आधी न जळलेलं पेट्रोल पुढे जातं. तापलेल्या डब्यात पडतं. तिथे जळतं, जाळी वितळते आणि धुराची वाटच बुजते. हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं म्हणाला, इशारा म्हणून, चौकटीत. आमच्या घरात औषधाचं लेबल वाचणारा माणूस आहे, पण गाडीचं पुस्तक कुणी उघडलं नव्हतं.

"चांगला डबा असेल तर किती दिवस टिकतो असा?" मी विचारलं.

"नवाकोरा असेल तर काही महिने. जुना असेल तर पंधरवडासुद्धा बास."

नऊ दिवस. दिवसाला चार-पाच धक्के. शिवाय तो शेवटचा, रांगेतला, दोघा ड्रायव्हरांनी मारलेला. ताईंची गाडी चढावर का दमते ते मला त्या स्टुलासमोर उभ्या उभ्या कळलं. अठरा वर्षं मी लोकांना सांगत आले की चूक झाली तर आधी पाय कुठे आहे ते बघा. माझा पाय कुठे होता?

कारखानदाराने आधी बॅटरी घेऊन या, मग डबा देतो, अशी अट घातली. नवी बॅटरी आणि एक डबा, एवढ्यात माझ्याकडचं सगळं संपलं. तपासणी परवावर आली होती.

परतताना गाडीत भावजी म्हणाला, "वहिनी, ताईला आत्ता काही सांगू नका. तिची तपासणी दोन महिन्यांनी आहे. तेव्हा नापास झाली तर झाली. कन्व्हर्टर काय, कुणाचाही जातो."

"आणि तोवर त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊ आपण?"

"मी परवान्याचं बोलतोय. ती म्हणाली, माझा डबा खराब केलात, हा मला द्या, तर?"

तेच तर होतं. ताई तसं म्हणाल्या असत्या तर त्यांचं बरोबरच होतं. संध्याकाळी मी यांना विचारलं. हे नियमांची पानं पुन्हा चाळून म्हणाले, "सांगायलाच हवं असं कुठे लिहिलेलं तर नाही." आयुष्यभर लिहिलेलं पाळणाऱ्या माणसाने मला वेळेवर न लिहिलेलं काढून दाखवलं. मी इतकी चिडले की त्या तिरीमिरीत नव्या डब्याचं खोकं उचललं आणि निघाले. चिडले नसते तर गेले असते की नाही, मला सांगता येत नाही.

लॅबमध्ये ताई एका कवळीला पॉलिश करत होत्या. चाक घरघरत होतं. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलने आडनावाचं पहिलं अक्षर. मी खोकं टेबलावर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. नऊ दिवस, धक्के, वितळलेली जाळी, चढावर दमणारी गाडी. शेवटी म्हटलं, "हा नवा आहे. तुमचा बिघडवला, म्हणून हा तुमचा."

ताईंनी चाक बंद केलं. चष्मा कपाळावर चढवला.

"तुझी तपासणी कधी?"

"परवा."

"शेवटची?"

"हो."

"माझी?"

"दोन महिन्यांनी."

"मग हे खोकं इथे कशाला आणलंस? इथे सगळीकडे प्लास्टरची धूळ आहे."

मी हाताने खोक्यावरची धूळ झटकायला लागले.

"तोंडात बघितल्याशिवाय मी कुणाला दात बसवत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या बंधूंनी माझा डबा काढून तुझ्या गाडीत बसवला आणि तुझा आधीचा का गेला ते बघितलं नाही. त्याला मी बघते. पण तू? मी फोन केला, गाडी दमते म्हणून. तू म्हणालीस पंप बदला. मी तीन पंप बदलले! शेवटच्या पंपासाठी रोज नदीपलीकडे जाते आहे मी, पेट्रोल चांगलं असतं म्हणून! तिथला माणूस मला ओळखायला लागलाय!"

त्यांचा आवाज चढला होता. मी आयुष्यभर घरच्यांवर चिडत आले, पण माझ्यावर कुणी इतकं मनापासून चिडलेलं मला आठवत नाही. आणि मला उद्देशून बोललेला एकही शब्द डब्याबद्दल नव्हता.

"चुकलं, ताई."

"चुकलंच. आता उचल हे खोकं. माझी गाडी आजपासून उभी राहील. तू कमावशील तेव्हा माझा डबा आणशील. तोवर मला रोज सकाळी सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं."

"सकाळी माझा सातचा विद्यार्थी असतो."

"असू दे. तो चालवेल, मी मागे बसेन."

भावजीने बॅटरी बदलली, डबा बसवला आणि या वेळी प्लग, वायरी, सगळं दोनदा तपासलं. ताईंचा फोन त्याला आदल्या रात्रीच गेला होता, हे त्याच्या लाल झालेल्या कानांवरूनच कळत होतं.

तिसऱ्या तपासणीला मी दीड तास रांगेत बसले. पंखा बंद, गाणी बंद. नंबर आला, किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात चालू. नळीवाल्याने क्रमांक वाचला. नळी खुपसली. पडद्याकडे बघितलं. नळी काढली, पुसली, जागेवर अडकवली, हात पुसले. त्या वेळात मी त्याचा गळा दाबू शकले असते.

"पास," तो म्हणाला.

त्याने परवान्यावर शिक्का मारला. मी गाडीत बसूनच ताईंना फोन लावला. मागे चाकाची घरघर ऐकू येत होती.

"ताई, पास झाली."

घरघर थांबली. मग ताई म्हणाल्या, "बरं झालं. पुढच्या वेळी असं काही झालं तर पहिल्या दिवशी सांग."

"पुढची वेळ येणारच नाही, ताई."

"येणार गं. घरचे आहोत आपण, येणारच. पहिल्या दिवशी सांग, एवढंच म्हणते. आणि उद्या पावणेसातला ये. हॉर्न वाजवू नकोस, शेजारी झोपलेले असतात."

नळीवाल्याने टपावर थाप मारली. "बाई, पुढे घ्या, मागे रांग आहे." मला रडू येत होतं आणि समोरचं फाटक धड दिसत नव्हतं. माझ्या विद्यार्थ्याला मी अशा वेळी गाडी हलवू दिली नसती.

"थांबा हो दोन मिनिटं," मी त्याच्यावर खेकसले, आणि तो चक्क थांबला.